रजईतली होडी

चंदीगड, सेक्टर ३३
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय देवदत्त भावोजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच कपाटावर टाकाल, अशी भीती होती. म्हणून मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'होडीबद्दल' असं लिहिलं. फोन तुम्ही उचलत नाही. पाच वेळा केला, पाचही वेळा पूर्ण वाजू दिला. चौदा वर्षं आपण बोललो नाही, तेव्हा आजच का उचलावा, हेही खरंच.

तर होडी. तुमच्या दादांनी होडी केली आहे. हसू नका. समुद्रापासून इतक्या लांब, मागच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली. दहा फुटी, प्लायवूडची. लॉकडाउनमध्ये कागदावर रेघा ओढायला लागले, मग पिंजौरचा नरेश मिस्त्री हाताशी धरला आणि तीन वर्षं ठोकाठोक केली. शेजारचे कुंपणावरून विचारायचे, "साब जी, बाढ़ आने वाली है क्या?" हे म्हणायचे, "आएगी तो आपको भी बिठा लूँगा." एअरफोर्समध्ये आयुष्यभर विमानांची इंजिनं सांभाळली आणि म्हातारपणी होडी, असं मीसुद्धा पुष्कळ चिडवून घेतलं.

ऑक्टोबरात ह्यांच्या छातीने दगा दिला. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. फुप्फुसं थकली आहेत, होळीपर्यंत थंड हवेत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दोन घास खातात, तेही मी समोर बसले तर. मी म्हटलं, थंडी येतेय, होडीचं काय करायचं ते सांगा, मी करते. म्हणाले, "कबाड्याला दे."

भावोजी, हा माणूस वाकडा झालेला खिळा टाकत नाही. चाळीस वर्षं मी डबे भरभरून खिळे बघते आहे. तो होडी कबाड्याला दे म्हणतो, तेव्हा मला धडकी भरली. ही होडी गेली तर हे उठणार नाहीत, असं मला वाटतं. डॉक्टर असं म्हणाले नाहीत, मी म्हणते आहे.

होडी अजून अपुरी आहे. बाहेरून वॉर्निशचे दोन हात झाले, आतून आणि काठांना एकही नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की समोरचं फाटक दिसत नाही. मी पडले नागपूरची. आम्हाला पाणी माठातलं माहीत. तुम्ही अण्णांचे धाकटे चिरंजीव, त्यांच्याबरोबर दर वर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होडी शाकारायचात. तुमच्याकडे पावसासाठी, इथे थंडीसाठी, पण झाकणं ते झाकणंच ना? कसं करायचं तेवढं लिहून पाठवा. बाकी काही लिहू नका हवं तर.

आणि एक. ह्यांनी वल्ह्यांच्या दोन जोड्या करून ठेवल्या आहेत. मी काही वल्हवणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तुमची,
सरोजवहिनी


२ डिसेंबर २०२४

प्रिय भावोजी,

कार्ड मिळालं. सात ओळी. त्यात 'कसे आहात' नाही, 'आशीर्वाद' नाही, पण हेडमास्तरांच्या शिस्तीत सगळं आलं: पालथी घाला. ओंडक्यांवर, जमिनीपासून हातभर वर. वरून झाप दुहेरी. पाऊस आडवा मारतो, कुठेही फट ठेवू नका. दोरी घट्ट. आणि शेवटची ओळ, 'हे सारे दादाला ठाऊक आहे, त्यालाच विचारावे.' ती वाचून मी मनात तुम्हाला दोन शब्द ऐकवले. त्याला विचारता आलं असतं तर तुम्हाला कशाला लिहिलं असतं?

सगळं केलं. नरेशने दोन माणसं आणून होडी पालथी घालून दिली आणि तो एका लग्नाच्या कामावर लुधियानाला गेला. बाकीचं मी एकटीने केलं. माडाच्या झावळ्यांचे झाप कुठून आणायचे? इथल्या लोकांना माड बघायला गोव्याला जावं लागतं. मग म्हटलं, थंडीच आहे ना? माळ्यावर चार जुन्या रजया होत्या, जोधपूर, आदमपूर, हलवारा आणि इथली, बदलीगणिक एक भरलेली. त्या चारही होडीवर घातल्या. वर निळी ताडपत्री. दोरीने आवळून बांधली. खालच्या फटीत चहूकडून गोणपाट कोंबून विटा लावल्या. आता वारासुद्धा आत शिरायचा नाही. ह्यांनी आतून विचारलं, "मागे कसला आवाज?" मी म्हटलं, धोबी. पासष्टीत ही थापेबाजी.

संपदाला फोटो पाठवला बंगलोरला. तिचं उत्तर, "मम्मा, नाव को रजाई? You need help यार." मराठी कळतं तिला, पण तोंडातून निघत नाही. तो दोष माझाच.

आता मुद्दा. होळीनंतर थंडी जाते. तेव्हा या. होडी पाण्यात घालायची कुठे, ते ह्यांनी ठरवलेलं असणार. मला सांगत नाहीत. तुम्ही आल्याशिवाय ते घालणार नाहीत, एवढं मला पक्कं माहीत आहे.

अण्णा गेले त्या वर्षीचं मी काढत नाही. त्यांची होडी त्या पावसात खाडीत वाहून गेली, आणि गणपतीत ओटीवर तुम्ही दोघे भाऊ वैऱ्यासारखे उभे राहिलात. तुम्ही म्हणत होतात, "अण्णांनी होडी तुला दिली, मी कळवलं की तुझा निरोप आल्याशिवाय हात लावणार नाही, तू निरोपच धाडला नाहीस." हे म्हणत होते, "निरोप धाडला होता, तू मुद्दाम बुडवलीस." मी आत मोदकांची उकड मळत होते. सगळं ऐकू येत होतं. चूक कोणाची, ह्यात मला पडायचं नाही. झालं ते झालं.

तुमची,
सरोजवहिनी


३१ डिसेंबर २०२४

प्रिय भावोजी,

घाईत लिहिते, कारण चांगलं काही लिहायला क्वचित मिळतं.

तुमचं कार्ड मी चहाच्या डब्यामागे ठेवलं होतं. ह्यांना सापडलं. स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले म्हणजे बघा! मी भाजी घेऊन आले तर खुर्चीवर बसून वाचत होते. मी म्हटलं, आता संपलं. तर म्हणाले, "मास्तर अजून लिहितात छान." एवढंच. कार्ड उशीखाली ठेवलं आहे. त्या दिवशी दीड पोळी खाल्ली आणि रात्रीला खिचडी कर म्हणाले, वर पापड भाज म्हणाले. कालपासून भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत.

"झाकलीस का होडी?" असं आज सकाळी विचारलं. मी म्हटलं, झाकली, देवदत्त भावोजींनी सांगितली तशी. "मग बरी असेल," म्हणाले. भावोजी, किती दिवसांनी त्यांनी कशावर तरी विश्वास ठेवला.

धुकं दाट आहे. सूर्य आठवडाभर दिसला नाही, माझे गुडघे आखडले आहेत, ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर दिवसभर डोक्यात असते. होडी मात्र उबेत आहे. होळीचं काय ते कळवा.

सरोजवहिनी


१५ जानेवारी २०२५

प्रिय भावोजी,

तिळगूळ वेगळा पाठवलेला नाही, पोस्टात त्याचं पीठ होतं.

परवा लोहडी होती. नरेश लुधियानाहून परतला, रेवडी घेऊन आला. म्हणाला, बीबीजी, जरा नाव देखूँ. मी मोठ्या दिमाखात त्याला मागे घेऊन गेले. त्याने विटा काढल्या, गोणपाट ओढलं, ताडपत्री उचलली आणि आतून असा कुबट वास आला की मी पदर नाकाला लावला. रजया पिळून पाणी निघेल इतक्या ओल्या. त्यावर काळी बुरशी. धुक्याची ओल खालून जमिनीतून, आजूबाजूने, कुठून कुठून आत गेली आणि कापसाने ती पिऊन ठेवली. बाहेर जायला मी फट ठेवली नव्हती ना! महिनाभर होडी ओल्या रजईत गुंडाळून ठेवली मी. वॉर्निश नसलेल्या काठाचं प्लाय फुगून पापुद्रे सुटले आहेत. एका बाजूला हातभर लांबीत कुठेही बोट घातलं तर आत जातं.

नरेश उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "बीबीजी, ठंड तो आपको लगती है, लकड़ी को थोड़ी लगती है. लकड़ी नूँ तां हवा चाहिदी." मला तिथेच विटेवर बसून रडू आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुमची चूक नाही. तुमचे झाप श्वास घेतात, माझ्या रजया घेत नाहीत, हे तुम्हाला कुठून कळणार, मी रजयांचं लिहिलं तेव्हा तुम्ही ओरडलाही असाल, पण तुमचं कार्डच उशिरा आलं.

ते कार्डही कालच मिळालं. 'रजया तात्काळ काढाव्या' ही पहिली ओळ. आणि खाली: 'दादाला एकच विचारा, त्या वर्षी मला एक निरोप का धाडला नाही. खरे काय ते त्याने सांगितले तर होळीनंतर येतो. नाही तर नको.'

ह्यांना होडीचं सांगितलेलं नाही. रोज विचारतात, मी रोज बरी आहे म्हणते. तुमचा प्रश्न विचारते. थोडे दिवस द्या.

सरोजवहिनी


१८ जानेवारी २०२५

भावोजी,

विचारलं नाही. विचारणार नाही. उत्तर ह्यांच्यापाशी नाहीच. माझ्यापाशी आहे.

हे तेव्हा लेहला होते. आठवड्यातून एकदा मिलिटरीच्या लाइनवर घरी फोन लागायचा, तोही तीन-चार मिनिटं. मे महिन्यातल्या एका रविवारी ह्यांनी मला सांगितलं, "देवदत्तला फोन कर. म्हणावं होडी शाकारून ठेव, गणपतीत येतो, मग माझ्याकडे घेतो." शब्द न् शब्द आठवतो. मी हो म्हटलं.

मी फोन केला नाही.

पहिल्या दिवशी विसरले. संपदाच्या ॲडमिशनची धावपळ होती, तेव्हा ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं आणि मी फोनपाशी जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशीही. मग पुढच्या रविवारी ह्यांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं.

का, ते लिहिते. दोन वर्षांत ह्यांची निवृत्ती होती आणि ह्यांच्या डोक्यात आंजर्ल्याला येऊन राहायचं पक्कं होतं. मी पंचवीस वर्षं बदल्यांचे पेटारे भरले होते. इथे मला गणित शिकवायला शाळा मिळाली होती, हे घर मिळालं होतं, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लावलेलं झाड फळाला आलेलं बघितलं होतं. मला तुमच्या खाडीकाठी येऊन पुन्हा कोणाची तरी सून व्हायचं नव्हतं. वाटलं, होडी राहिली तर हे जाणार. नाही राहिली तर कशाला जातील? होडी मरावी असं मी ठरवलं नाही. कुजेल, मोडेल, विकून टाकाल, असं काहीतरी वाटलं होतं. ती पावसात अख्खी वाहून जाईल आणि तिच्याबरोबर तुम्ही दोघे जाल, हे डोक्यात आलं नाही. गणपतीत ओटीवर भांडण झालं तेव्हा बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. मी उकड मळत राहिले.

आणि मला हवं होतं ते मिळालं. हे पुन्हा आंजर्ल्याला गेले नाहीत. इथेच राहिले, बागेला पाणी घातलं, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला खुर्च्या मांडल्या. आणि मग एक दिवस कागद काढून होडीच्या रेघा ओढायला बसले. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. त्यानंतरही तीन वर्षं रोज सांगायला हवं होतं.

तेव्हा दादा खोटं बोलत नव्हते आणि तुम्हीही नाही. दोघांना खोटं मी पाडलं. आता तुम्ही आलात काय, न आलात काय, तुमच्या मनात ह्यांच्याबद्दल जे आहे ते काढून टाका आणि माझ्याबद्दल ठेवा. मला शिव्या देणारं कार्ड पाठवलंत तरी चालेल. पोस्टमन वाचतो, पण त्याला मराठी येत नाही.

सरोज


१२ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

तुमचं काही आलं नाही. आलं नाही ते बरोबरच आहे. हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत नाही, पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे सोबतचा कागद तुम्हाला समजेल.

गेल्या रविवारी दुपारी ह्यांना सांगितलं. नेब्युलायझरचा मास्क तोंडाला लावलेला असताना सांगितलं, कारण ती दहा मिनिटं त्यांना बोलता येत नाही. अशी शूर बाई मी. आधी होडीचं सांगितलं, रजयांचं, बुरशीचं. मग लेहच्या फोनचं. ते माझ्याकडे बघत होते आणि यंत्र वाफ सोडत होतं. औषध संपलं तरी मास्क काढला नाही. मीच काढायला गेले तर माझा हात बाजूला केला. जोरात नाही. नुसता बाजूला केला.

मग चपला शोधल्या आणि मागच्या दाराने अंगणात गेले. मी मफलर घेऊन मागे, तो घेतला नाही. ऊन होतं, तेवढं नशीब. नरेशने होडी उताणी करून वाळायला ठेवली आहे. हे सगळ्या काठावरून हात फिरवत गेले आणि कुजलेल्या जागी थांबले. तिथला पापुद्रा सोलून हातात घेतला. मला वाटलं आता बोलतील. चौदा वर्षांचं एकदम बोलतील. खोकले, बसले, पुन्हा उठले.

दुसऱ्या दिवसापासून नरेश येतो. कुजलेला भाग करवतीने कापून काढला, नवीन फळी बसवत आहेत. हे खुर्चीवर बसून सांगतात, मध्ये मध्ये पॉलिश पेपर हातात घेतात. डॉक्टर ओरडले. हे त्यांना म्हणाले, "दो घंटे धूप में, उससे ज़्यादा नहीं, पक्का." जेवतात नीट. रंग बरा आहे. मी हेच मागत होते ना, की उठावेत? उठले आहेत. माझ्याशी मात्र एक शब्द बोललेले नाहीत. चहा हवा असला तर नरेशला सांगतात, नरेश मला सांगतो. तो बिचारा दोघांच्या मध्ये अवघडून उभा राहतो. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी समजूत काढणं सोडून दिलं आहे. मला झोप येत नाही आणि दमलेपणही जात नाही. मोकळं वाटेल असं वाटलं होतं, ते काही वाटलं नाही.

आज सकाळी टेबलावरून माझा पॅड उचलला. लिहायला तासभर लागला. कागदावर डावा हात आडवा ठेवून लिहीत होते, शाळेत पोरं उत्तर झाकतात तसा. घडी घातली, चारी बाजूंनी स्टेपल मारल्या, वर तुमचं नाव लिहिलं आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.

तो कागद ह्या पाकिटात आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. 'होळीला ये' असं असेल. 'मला इथून घेऊन जा' असंही असेल. तसं असलं तर या आणि घेऊन जा, मी त्यांची औषधं वेळांप्रमाणे चिठ्ठ्या लावून बांधून ठेवीन. हे पाकीट मी कोणाच्या हाती देणार नाही. स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करते आणि पावती ह्यांच्या उशाशी ठेवते.

उत्तर त्यांच्या नावाने पाठवा. कार्ड नको. पाकिटात घालून नीट चिकटवून पाठवा.

सरोज